वाफसा पाहून पेर, तोल पाहून पट

पोराच्या अंगात ताकद आहे, डावही येतात, मग कुस्ती का जाते?

सुगी उरकली की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी निघते, रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी कडाडली की सारा गाव कुस्त्यांच्या फडाकडे वळतो. तुम्हीही दरवर्षी बांधावर नाहीतर झाडाच्या फांदीवर जागा धरून बसत असाल. यंदा बसाल तेव्हा एक करून पाहा. पैलवानाने पट काढला, जोडीदार आडवा झाला, फेटे उडाले, की टाळ्या जरूर वाजवा. पण शेजाऱ्याला एक प्रश्न विचारा. पट काढायच्या आधी या गड्याने काय केले होते? त्याचा हात कुठे होता? समोरच्याचा कोणता पाय पुढे होता? मान कुणी ओढली होती?

दहांतल्या आठ जणांना सांगता येणार नाही. कारण आपण डाव बघतो, डावाची मांडणी बघत नाही. आणि कुस्ती ठरते ती तिथेच.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. नक्षत्र लागले म्हणून कोणी तिफण धरत नाही. पाऊस पडून गेला तरी वाफसा यावा लागतो. चिखलात पेरले तर बी कुजते, कोरड्यात पेरले तर उगवत नाही. बियाणे तेच, तिफण तीच, हात तोच. फरक फक्त वेळेचा. कुस्तीत डाव म्हणजे बियाणे आणि समोरच्याचा तोल हलणे म्हणजे वाफसा. तोल हलण्याआधी मारलेला पट हा चिखलात पेरलेल्या बियाण्यासारखा फुकट जातो.

एका म्हशीचे दूध

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. तर तो इथलाच आहे. आपल्याकडचे बहुतेक पैलवान शेतकऱ्याच्या घरातून येतात. एका पोराला पैलवान करायचे म्हणजे गोठ्यातल्या एका म्हशीचे दूध त्याच्या नावावर करावे लागते. ते दूध डेअरीला जात नाही. वर तूप, बदाम, तालमीचा खर्च. पोरगं कामाच्या दिवसांत शेतात नसतं, त्याच्या वाटची मजुरी बाहेर द्यावी लागते. चार-पाच वर्षे घर हा भार उचलते.

आणि मग पोरगं जिल्ह्याच्या निवड चाचणीला जातं. अंगापिंडाने भक्कम असतं. दंड भरलेले, छाती रुंद. पण सहा मिनिटांत गुणांवर हरून येतं. बाप म्हणतो, नशीब. गावकरी म्हणतात, पंच फितूर. खरे कारण अनेकदा वेगळेच असते. पोराला डाव शिकवले, मेहनत करून घेतली, पण डावापर्यंत पोचायचे कसे ते कोणी बसवून शिकवले नाही. घरादाराने घातलेले दूध-तूप एवढ्यासाठी वाया जाऊ नये, म्हणून हा खटाटोप.

तोल म्हणजे काय

माणूस दोन पायांवर उभा असतो, पण वजन दोन्ही पायांवर सारखे क्वचितच असते. पाऊल उचलताना ते एका पायावर जाते, टाकताना दुसऱ्यावर. ज्या पायावर भार आहे तो पाय जागचा हलवता येत नाही. ज्यावर भार नाही तो चटकन मागे घेता येतो. पट काढणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे. भार असलेला पाय सापडतो, मोकळा पाय निसटतो.

आता चांगल्या पैलवानाचा पवित्रा आठवा. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सरळ, मान वर, कोपरे बरगडीला लागून, हात पुढे. हा माणूस म्हणजे कडेकोट वाडा. त्याच्या पायापर्यंत जायचे तर वाटेत त्याचे दोन हात, कपाळ आणि खांदे असे तीन पहारे आहेत. पहारे तसेच ठेवून जो सरळ पायात घुसतो, त्याचे काय होते तुम्ही पाहिले आहे. समोरचा दोन्ही पाय झटकन मागे फेकतो, छातीचा सगळा भार वरून टाकतो आणि घुसणारा तोंडावर पडतो. मग पाठीवर कब्जा जातो आणि उरलेली कुस्ती खाली मान घालून काढावी लागते.

म्हणून आधी पहारे हलवायचे, मग आत जायचे. यालाच आपले जुने लोक खडाखडी म्हणतात. पण ‘नुसती खडाखडी चाललीय’ असे आपण वैतागून म्हणतो, तेव्हा तिचे मोल विसरतो. जाणत्या पैलवानाची खडाखडी म्हणजे वेळकाढूपणा नसतो. ती मशागत असते.

वाफसा आणण्याच्या चार वाटा

पहिली वाट हाताची. समोरच्याचा पुढे आलेला हात हा पहिला अडसर. त्याचे मनगट धरून खाली झटका द्यावा, नाहीतर कोपराखाली तळवा लावून हात वर उचलावा. हात खाली गेला की खांदा पुढे येतो. कोपर वर गेले की बगल उघडी पडते आणि बगलेखालून पाठीमागे जाता येते. बगलडूब म्हणतात तो डाव असाच लागतो. हात नुसता धरून ठेवण्यात अर्थ नाही. धरला की लगेच हलवला पाहिजे. शक्यतो आपले हात आतल्या बाजूला आणि त्याचे बाहेर, अशी ठेवण असावी. आतला हात राज्य करतो.

दुसरी वाट मानेची. समोरच्याच्या मानेमागे हात टाकून त्याला खाली ओढले की काय होते? माणूस स्वभावाने उलट जोर लावतो, मान वर काढतो. मान वर गेली की पाठ ताठ होते, कंबर वर येते, गुडघे सरळ होतात. नेमका त्याच क्षणी त्याचा पाय तुमच्यासमोर उघडा असतो. म्हणजे आपण खाली ओढतो ते त्याला खाली आणायला नव्हे. त्याने स्वतःहून वर यावे म्हणून. आणि समजा तो वर आलाच नाही, खालीच वाकत गेला, तरी बिघडत नाही. मग मान तशीच दाबून बाजूला सरकावे आणि पाठीवर कब्जा घ्यावा. बैल दावणीला मागे ओढत असेल तर जाणता गडी त्याच्याशी ताकदीने झगडत बसत नाही. एकदम सैल सोडतो, बैल आपोआप लडबडतो. तसेच हे.

तिसरी वाट पायांची. समोरासमोर रेटारेटी करत उभे राहिले तर जास्त वजनाचा जिंकतो. म्हणून गोल फिरावे, कोन बदलावा. तुम्ही उजवीकडे सरकलात की समोरच्याला वळावे लागते. वळताना त्याला पाऊल टाकावे लागते. पाऊल जमिनीला टेकते, भार त्यावर येतो, तीच वेळ. फिरताना आपले पाय मात्र एकमेकांत अडकू देऊ नयेत. अंतर हातभराचेच ठेवावे. फार लांबून मारलेला पट रस्त्यातच दिसतो.

चौथी वाट हुलीची. डोळे आणि खांदे पायाकडे नेल्यासारखे करायचे, पण जायचे नाही. समोरचा दचकून मागे सरतो. दुसऱ्यांदा तसेच करायचे. तिसऱ्यांदा तो म्हणतो, हा नुसता हुलकावण्या देतोय, आणि जागेवर राहतो. तेव्हा खरे जायचे. पण हूल खरी वाटली पाहिजे. ज्याने एकदाही खरा पट मारला नाही, त्याच्या हुलीला कोणी भीत नाही.

आत जाताना

वाफसा आला की उशीर करायचा नाही. हा क्षण डोळ्याची पापणी लवावी एवढाच असतो. आत जाताना कंबरेतून वाकायचे नाही, गुडघ्यांतून खाली बसायचे. पुढचे पाऊल समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये खोल टाकायचे. मान वर, पाठ सरळ, डोके त्याच्या बरगडीला चिकटलेले. पाय हातात आला की छातीशी घट्ट घ्यायचा आणि तिथे थांबायचे नाही, चालत राहायचे.

इथे पालकांनी एक गोष्ट नीट ऐकावी. डोके खाली घालून पायात घुसणे ही पोरांची नेहमीची खोड असते. टाळू समोरच्याच्या कंबरेवर किंवा गुडघ्यावर आदळली, किंवा वाकलेल्या मानेवर वरून भार आला, तर मानेला गंभीर दुखापत होऊ शकते. मणक्याचे दुखणे जन्माचे दुखणे. पोरगं कुस्ती हरलं तर पुढच्या यात्रेला जिंकेल, पण मान गेली तर नांगरही जातो आणि कुस्तीही. मान वर ठेवायची सवय लहानपणीच लागली पाहिजे.

आणखी एक. पहिला डाव लागतोच असे नाही. पट हाताला लागला आणि समोरच्याने पाय सोडवून घेतला, तर अननुभवी पोरगं हात सोडून मागे येतं आणि दम खातं. जाणता गडी सोडत नाही. एकेरी पट सुटत असेल तर दुसऱ्या पायाला हात घालून दुहेरी करतो, तेही जमले नाही तर टांग घालतो किंवा पाठीकडे सरकतो. समोरचा पहिल्या डावातून सुटण्याच्या गडबडीत असतो, तेव्हा त्याचा तोल सगळ्यात जास्त हललेला असतो. म्हणजे फसलेला पहिला डाव हीच दुसऱ्या डावाची मशागत.

खाशाबांचे उदाहरण

ही सगळी पुस्तकी बडबड वाटत असेल तर आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये 57 किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे.

खाशाबा अंगाने आडदांड नव्हते. त्यांचा हुकमी डाव होता ढाक. ढाक लावायची तर समोरच्याची मान काखेत यावी लागते, कंबर त्याच्या पोटाखाली घालून वळावे लागते. ताठ, सावध उभ्या असलेल्या माणसाला ढाक लागत नाही. तो अंगावर रेटत येतो, त्याचा भार पुढे झुकतो, तेव्हाच लागते. म्हणजे ढाक मारणाऱ्याची खरी कसब समोरच्याला आपल्या अंगावर यायला लावण्यात असते.

दुसरी गोष्टही शिकण्यासारखी. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले तेव्हा मातीत तयार झालेल्या या पैलवानाला गादीची सवय नव्हती. तरी ते सहावे आले. पुढच्या चार वर्षांत नेट धरून तयारी केली आणि पदक आणले. मातीतला गडी गादीवर चालत नाही, हे म्हणणे तेव्हाच खोटे ठरले. पुढे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य जिंकून तेच दाखवले.

माती आणि गादी

दोन्हींतला फरक मात्र समजून घेतला पाहिजे. मातीत पाठ लागल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही. गुणांचा हिशेब नाही, म्हणून गड्याला थांबता येते, समोरच्याचा दम उतरू देता येतो. भुसभुशीत मातीत पाय जड पडतो. हाताला माती लावली की पकड घसरत नाही.

गादीवर तसे नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. समोरच्याला खाली घेऊन कब्जा मिळवला की दोन गुण. रिंगणाबाहेर पाय गेला तर समोरच्याला एक गुण. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. जो लढत नाही त्याला पंच आधी ताकीद देतात. नंतर तीस सेकंदांची मुदत मिळते आणि तेवढ्यात त्याने गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. घामाने अंग निसरडे होते, कपड्याला धरलेले चालत नाही. पायात बूट असतात, म्हणून पाऊल झपझप पडते.

म्हणजे मातीत जी मशागत पंधरा मिनिटे करता येते, ती गादीवर पंधरा सेकंदांत उरकावी लागते. मशागत टाळता येत नाही, फक्त लवकर करावी लागते. जिरायत आणि बागायत यांत जेवढा फरक, तेवढाच हा. महाराष्ट्र केसरीला तर माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. ज्याला वरपर्यंत जायचे आहे, त्याला दोन्हीकडचे यावे लागते.

तालमीत रोज वीस मिनिटे

यासाठी पैसा लागत नाही. तालमीत रोज वीस मिनिटे द्यावी लागतात. अंग गरम झाल्यावर, पण जोर-बैठकांनी थकून जाण्याआधी. थकलेले अंग नवे शिकत नाही.

पहिली पाच मिनिटे गुडघ्याला हात लावण्याचा खेळ. दोघांनी पवित्र्यात उभे राहायचे, समोरच्याच्या गुडघ्याला तळवा लावायचा आणि आपला गुडघा वाचवायचा. लहान पोरांना यात मजा येते आणि अंतर, पावले, हूल आपोआप शिकून होतात.

दुसरी पाच मिनिटे नुसती खडाखडी. डाव बंद. समोरच्याला पाऊल टाकायला लावले की एक गुण, दोन्ही हात आत घेतले की एक गुण.

तिसरी पाच मिनिटे मान ओढून पट. जोडीदाराने थोडाच विरोध करायचा. दहा वेळा उजव्या बाजूने, दहा वेळा डाव्या. एकाच बाजूचा पैलवान लवकर ओळखला जातो.

शेवटची पाच मिनिटे दुसऱ्या डावाची. जोडीदाराने पाय मुद्दाम सोडवून घ्यायचा आणि पट काढणाऱ्याने न थांबता पुढचा डाव धरायचा.

गावातल्या मुलींनाही हे शिकवायला हरकत नाही. 2023 साली सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. मशागतीची कुस्ती नुसत्या ताकदीवर चालत नाही, म्हणून ती कमी वजनाच्या पोरापोरींना जास्त उपयोगी.

यात्रा कमिटी आणि ग्रामपंचायतीने काय करावे

यात्रा कमिटीच्या मंडळींना दोन सूचना. जोड लावताना नुसती उंची आणि दंड बघू नयेत, वजन आणि तालमीतली वर्षे विचारावीत. रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्यांना जो पोरगा आधी चढाई करतो त्याला थोडे जास्त बक्षीस द्यावे. हरला तरी द्यावे. गाव ज्याला टाळी देते, तेच पोरं शिकतात. नुसती मान धरून उभ्या राहणाऱ्या दोघांना बरोबरीत सोडवून सारखे इनाम दिले, तर पुढच्या वर्षी सगळेच तसे उभे राहतील.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी एकच, पण कामाची गोष्ट. कुस्तीची गादी 12 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद असते, त्यात 9 मीटर व्यासाचे रिंगण. म्हणजे साधारण चाळीस फूट चौरस जागा नुसती गादीला लागते, भोवती फिरायची जागा वेगळी. व्यायामशाळेचा प्रस्ताव करताना आधी टेप धरून हे माप घ्या. खोली बांधून झाल्यावर गादी मावत नाही असे कळले, तर ती खोली पुढे खताची पोती ठेवायलाच उपयोगी पडते. आणि गादी आली म्हणून मातीचा हौद बुजवू नका. दोन्ही शेजारी नांदू द्या.

बापाने तालमीत जाऊन पोराला किती जोर मारलेस एवढेच विचारू नये. आज खडाखडी किती वेळ केलीस, मान वर होती का, दुसरा डाव धरलास का, हेही विचारावे. यंदाच्या फडात पैलवान एकमेकांची मान धरून फिरू लागले की ‘अरे लावा की डाव!’ म्हणून लगेच ओरडू नका. कोणाचा हात आत आहे, कोणाचे पाऊल जड पडते आहे, ते बघा. वाफसा यायची वाट आपण रानात बघतोच की.